वाचकांचे प्रश्न : सरोवरातील ओढ आणि काठावरचा बावटा

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या (ग्रेट लेक्स) काठी पोहायला जाणाऱ्यांना जे इशारे दिले जातात, त्यांविषयी या वेळी बरेच प्रश्न आले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून, आवश्यक तिथे थोडे संक्षिप्त करून, पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मुलाकडे शिकागोला गेलो असताना आम्ही मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावरील एका पुळणीवर गेलो होतो. आकाश निरभ्र होते, ऊन चांगले पडले होते आणि लाटा जेमतेम कमरेएवढ्या होत्या. तरीही पोहण्यासाठी धोका मोठा असल्याचा इशारा हवामान खात्याने दिला होता. रिप करंट, म्हणजे पोहणाऱ्याला काठापासून आत ओढून नेणारा अरुंद प्रवाह, हा समुद्रातला प्रकार, अशी आमची समजूत होती. सरोवरात ना भरती ना ओहोटी, मग हा प्रवाह येतो कुठून?

उत्तर : रिप करंटचा भरती-ओहोटीशी संबंध जोडणे हा जुना गैरसमज आहे आणि तो समुद्राकाठी आयुष्य काढलेल्या माणसांमध्येही आढळतो. या प्रवाहाला पूर्वी इंग्रजीत ‘रिप टाइड’, म्हणजे भरतीशी नाते सांगणारे नाव रूढ होते. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकी सागरी भूवैज्ञानिकाने 1936 मध्ये त्या नावावर आक्षेप घेऊन ‘रिप करंट’ हा शब्द सुचवला. या प्रवाहाला लागते ती फुटणारी लाट. महासरोवरांत भरती-ओहोटीने होणारा चढउतार पाच सेंटिमीटरांहूनही कमी असतो, त्यामुळे तो कोणाच्या लक्षातही येत नाही. लाटांची मात्र तिथे वाण नाही. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे 490 किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त 190 किलोमीटर रुंद आहे. वाऱ्याला धावायला जितके मोकळे पाणी मिळते तितकी लाट वाढत जाते, आणि एवढ्या अंतरावर वाढलेली लाट काठाला येऊन भिडते तेव्हा ती सरोवरातली आहे की समुद्रातली हा भेद तिच्या ताकदीपुरता तरी फारसा उरत नाही.

प्रवाह तयार होतो तो असा. काठाजवळ पाण्याखाली, काठाला समांतर असे वाळूचे एक-दोन, कधी तीन दांडे साठलेले असतात. लाट दांड्यावर फुटली की तिचे पाणी दांडा ओलांडून काठाच्या बाजूला लोटले जाते. लाटांमागून लाटा येत राहिल्या म्हणजे दांडा आणि काठ यांच्यामधल्या उथळ पट्ट्यात पाण्याची पातळी बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित वर चढते आणि हे जादा पाणी परतीची वाट शोधू लागते. शेताच्या बांधाला एके ठिकाणी खांड पडली की तुंबलेले सगळे पाणी तिथूनच धाव घेते, तसेच इथेही होते. दांड्यात जिथे खिंड असते तिथे दोन्ही बाजूंचे पाणी एकवटते आणि एका अरुंद पट्ट्यातून थेट आत, खोल पाण्याकडे निघते. हा पट्टा कधी पाच-दहा मीटर तर कधी तीस-चाळीस मीटर रुंद असतो. त्याचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असला, तरी सेकंदाला 2.4 मीटरपर्यंतचे वेग मोजले गेले आहेत, आणि ऑलिंपिकमधला जलतरणपटूही त्या वेगाने पोहू शकत नाही. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या हिशेबाने माणूस एका मिनिटात तीस मीटर आत जातो, आणि त्याच्या पायाखालची वाळू त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते.

निरभ्र आकाशाबद्दल म्हणाल, तर या सरोवरांवर धोक्याचे कित्येक दिवस असेच दिसतात. थंड हवेची आघाडी पुढे सरकून गेली की ढग पांगतात, ऊन पडते आणि हवा आल्हाददायक होते; त्याच वेळी वारा वायव्येकडे किंवा उत्तरेकडे वळलेला असतो आणि सरोवराच्या लांबीभर लाटा उठवत असतो. पाऊस थांबल्यामुळे लोक घराबाहेर पडतात आणि नेमके लाटा ऐन भरात असताना पुळणीवर पोहोचतात.

प्रश्न : हा अंदाज नेमके कोण आणि कशावरून वर्तवतो? वाऱ्यापावसाचा अंदाज समजू शकतो, पण पाण्याखालच्या प्रवाहाचा अंदाज आधी कसा सांगता येतो?

उत्तर : अमेरिकेच्या बाजूला हे काम राष्ट्रीय हवामान सेवा करते. सरोवरांच्या काठी तिची अनेक कार्यालये आहेत. मार्केट, ग्रँड रॅपिड्स, मिलवॉकी आणि शिकागो ही त्यांतली काही. प्रत्येक कार्यालय आपल्या वाट्याच्या किनाऱ्यासाठी कमी, मध्यम किंवा अधिक अशा तीन श्रेणींत धोका सांगते, आणि धोका अधिक असेल तेव्हा पुळणीवरील धोक्यांविषयीचे स्वतंत्र निवेदन काढते. त्या निवेदनात लाटांची उंची, कोणत्या काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) किनारा आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे दिलेले असते.

प्रवाह प्रत्यक्ष मोजून हा अंदाज दिला जात नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. प्रवाहाला अनुकूल परिस्थिती जुळून येत आहे का, एवढेच पाहिले जाते. या पद्धतीचा पाया समुद्राकाठी घातला गेला. मियामीच्या हवामान कार्यालयातील जेम्स लशाइन यांनी आग्नेय फ्लोरिडातील बुडण्याच्या घटना आणि त्या त्या दिवसाचे हवामान यांची सांगड घालून 1991 मध्ये एक मापनश्रेणी मांडली. वाऱ्याचा वेग व दिशा आणि लाटेची उंची यांसारख्या गोष्टींना गुण द्यायचे, आणि बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की इशारा द्यायचा, असे तिचे साधे स्वरूप होते. पुढे गणिती प्रारूपे आली. अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यांसाठी 2021 पासून वापरात असलेले प्रारूप तासागणिक आणि सहा दिवस आधीपर्यंत रिप करंटची शक्यता टक्क्यांत सांगते. तरीही मुळातला विचार लशाइन यांचाच राहिला आहे : प्रवाह दिसत नसेल, तर तो घडवणाऱ्या गोष्टी पाहाव्यात.

सरोवरांवर मात्र हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही. समुद्रावर हजारो किलोमीटर दूरच्या वादळाची लाट दोन-तीन दिवस प्रवास करून येते, म्हणून ती येणार हे आधीच कळते. सरोवरावरची लाट ही त्याच दिवशीच्या, बहुधा त्याच प्रहरीच्या वाऱ्याची असते. वारा वळायला तीन तासांचा उशीर झाला तर लाटेलाही तेवढाच उशीर होतो आणि सकाळी दिलेला इशारा दुपारी खोटा वाटू लागतो. म्हणून इथल्या अंदाजकर्त्याला वाऱ्याची दिशा अंशांत पाहावी लागते. पश्चिमेचा वारा मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर लाटा आणतो, पण समोरच्या विस्कॉन्सिनच्या काठी पाणी शांत ठेवतो. उत्तरेचा वारा सरोवराची पूर्ण लांबी तुडवत इंडियाना आणि शिकागोच्या काठावर येतो. लाट साधारण तीन-चार फुटांच्या पुढे जाणार असे दिसले, की या सरोवरांवर ती गंभीरपणे घेतली जाते, मग समुद्रावरच्या माणसाला ती हसण्यावारी नेण्याजोगी का वाटेना. जोडीला सरोवरात सोडलेले बोये, म्हणजे नांगरून ठेवलेली तरंगती नोंदयंत्रे, असतात. ते लाटांची उंची आणि पाण्याचे तापमान कळवत राहतात आणि प्रारूप कुठे चुकत आहे हे त्यांवरून ताडता येते.

लाटेचा अंदाज आता बऱ्यापैकी विश्वासार्ह झाला आहे. वाळूचा अंदाज मात्र देता येत नाही. दांड्यातली खिंड आज कुठे आहे, कालच्या वादळात ती बुजली की रुंदावली, हे दूरच्या कार्यालयात बसून कळण्याचा मार्ग नाही. त्यातच सरोवरांची पातळी वर्षानुवर्षांच्या चक्रात बरीच वरखाली होते. मिशिगन आणि ह्युरॉन या जोडसरोवरांची पातळी जानेवारी 2013 मध्ये नोंदींतल्या नीचांकावर होती, आणि 2020 मध्ये लागोपाठ अनेक महिने त्या त्या महिन्याचे उच्चांक मोडले गेले. सात वर्षांत पाणी एवढे चढल्यावर पुळणी आखडल्या, दांडे सरकले आणि ज्या जागा वर्षानुवर्षे ओळखीच्या होत्या त्या अनोळखी झाल्या. त्यामुळे अंदाज दहा-वीस किलोमीटरच्या किनाऱ्यासाठी असतो आणि धोका वीस मीटरच्या पट्ट्यात असतो. ही दरी प्रारूप सुधारून भरून निघेल असे मला वाटत नाही. ती भरायची तर पुळणीवर उभ्या असलेल्या माणसालाच डोळे उघडे ठेवावे लागतील.

प्रश्न : धोका ‘कमी’ किंवा ‘मध्यम’ सांगितलेला असतानाही लोक बुडाल्याच्या बातम्या येतात. मग अंदाज चुकला असे समजायचे का?

उत्तर : प्रत्येक वेळी नाही. ‘कमी’ म्हणजे प्रवाह बनण्यास हवामान फारसे अनुकूल नाही, एवढाच अर्थ आहे. पाण्यात बांधलेल्या धक्क्यांच्या, नदीमुखांच्या आणि खडकांच्या जवळ त्या दिवशीही प्रवाह असू शकतो, आणि अंदाजाच्या मजकुरात तसे बहुधा लिहिलेलेही असते. तो मजकूर कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.

‘मध्यम’ या शब्दाविषयी माझी तक्रार आहे. आठ फुटांच्या लाटा उसळत असतील तर सामान्य माणूस पाण्यात उतरतच नाही, लाटाच त्याला परतवून लावतात. तीन-चार फुटांची लाट मात्र गंमत वाटते, मुले तिच्यावर उड्या मारायला धावतात, आणि याच उंचीच्या लाटा अरुंद खिंडीतून चांगला जोरदार प्रवाह घडवतात. म्हणजे निसर्गाचा जोर मधल्या पायरीवर असतो तेव्हा पाण्यातल्या माणसांची संख्या सर्वाधिक असते. अंदाजकर्ता ‘मध्यम’ हा शब्द हवामानाबद्दल लिहितो आणि वाचणारा तो स्वतःच्या जिवाबद्दलचा समजतो. प्रकृती मध्यम असल्याचे ऐकून जसा आपल्याला धीर येतो, तसाच काहीसा धीर हा शब्द देतो, आणि तो इथे देऊ नये.

खरोखर अंदाजाच्या हाती न लागलेल्या घटनाही आहेत, आणि त्यांतली एक तपशिलाने सांगण्यासारखी आहे. 4 जुलै 2003 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत, मिशिगन सरोवराच्या आग्नेय काठावर वॉरन ड्यून्स परिसरात काही तासांच्या अवधीत सात जण बुडाले. त्याआधी एक वादळ सरोवर ओलांडून गेले होते. नंतर हवा निवळली होती, म्हणून लोक पाण्यात उतरले होते. त्या वेळी दोष नेहमीच्या रिप करंटवर गेला, पण वारा पडल्यावर एवढा प्रबळ प्रवाह कशाने उठला याचा उलगडा होत नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अभियंत्यांनी त्या दिवसाच्या नोंदींवरून आणि गणिती प्रारूपाच्या साहाय्याने घटनेची पुनर्रचना केली, आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार ते काम वातजन्य त्सुनामीचे, म्हणजे मिटिओत्सुनामीचे होते.

ही त्सुनामी भूकंपाने होत नाही. वेगाने सरकणाऱ्या वादळासोबत हवेचा दाब एकदम बदलतो आणि वारा झपाट्याने उसळतो. त्या धक्क्याने पाण्यावर एक लांबच लांब लाट उठते. वादळाचा वेग आणि त्या खोलीच्या पाण्यातला लांब लाटेचा वेग जुळला, तर वादळ त्या लाटेला झोक्याला झोका द्यावा तसे वाढवत नेते. 80 मीटर खोल पाण्यात लांब लाटेचा वेग ताशी सुमारे 100 किलोमीटर भरतो आणि उन्हाळी वादळे या वेगाने सहज धावतात. पंचमहासरोवरांवर अशा लाटा दुर्मीळ नाहीत. लहानमोठ्या मिळून वर्षाला सरासरी शंभराच्या आसपास नोंदल्या जातात. बहुतेक कोणाच्या नजरेसही पडत नाहीत. 26 जून 1954 रोजी शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदरावर आलेल्या लाटेने मात्र धक्क्यावर मासे धरत बसलेल्या माणसांना ओढून नेले होते.

2003 ची लाट उंचीने एखाद्या फुटाचीच होती. एवढ्याशा लाटेने सात माणसे कशी जातील, असे कोणीही विचारील. पण नेहमीची लाट चार-पाच सेकंदांत येऊन जाते, तर ही पाण्याची पातळी कित्येक मिनिटे चढवून ठेवते आणि मग उतरवते. काठावर चढलेले ते सगळे पाणी परत जाताना रिप करंटचे रूप घेते. शिवाय ही लाट एका काठावर आपटून दुसऱ्या काठाकडे जाते आणि तिथून परतते, म्हणून वादळ शंभर-दीडशे किलोमीटर पुढे निघून गेल्यावरही पाणी हेलकावे खात राहते. त्या दिवशी वारा, लाटेची उंची, आकाश, ज्या ज्या गोष्टी पाहून धोका सांगितला जातो त्या सगळ्या ‘आता ठीक आहे’ असेच सांगत होत्या. वेगवान वादळ सरोवर ओलांडून गेले असेल, तर ऊन पडल्यावरही काही तास पाण्यात न उतरणे, हा या घटनेतून निघणारा व्यवहार्य नियम आहे, आणि तो पाळायला कोणत्याही कार्यालयाच्या निवेदनाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्न : दीपगृहाकडे जाणाऱ्या धक्क्यांजवळ पोहू नका, असे सगळीकडे लिहिलेले असते. खरे तर अडचण आली तर धरायला काहीतरी जवळ असावे, असे वाटते. मग धक्का धोकादायक का?

उत्तर : वारा काठाशी तिरका असेल तर काठाला समांतर वाहणारा एक प्रवाह तयार होतो. तो पोहणाऱ्याला सावकाश पुळणीच्या कडेकडेने नेतो, आणि आपण सामान ठेवलेली छत्री दिसेनाशी झाली की लोकांना त्याचा पत्ता लागतो. हा प्रवाह धक्क्यावर येऊन आदळला की त्याला एकच वाट उरते, ती धक्क्याच्या कडेने खोल पाण्याकडे. दांड्यातली खिंड आज इथे तर उद्या तिथे असते. धक्का मात्र जागचा हलत नाही, म्हणून त्याच्या कडेचा हा प्रवाह जवळजवळ कायमचा असतो. वर लाटा धक्क्याच्या भिंतीवर आपटून उलट फिरतात आणि येणाऱ्या लाटांशी भिडतात, त्यामुळे तिथले पाणी कपडे धुण्याच्या यंत्रासारखे घुसळत राहते. धरण्यासाठी म्हणून ज्या भिंतीकडे जावे, ती काँक्रीटची किंवा पोलादी पत्र्याची, शेवाळलेली आणि हात पोहोचणार नाही इतकी उंच असते. ग्रँड हेवन, साउथ हेवन, मिशिगन सिटी अशा गावांचे धक्के फिरायला अतिशय रम्य आहेत. फिरावे ते मात्र लाटा धक्क्यावरून उसळत नसताना.

याच जातीचा आणखी एक प्रवाह सुपीरियर सरोवरावर मार्केट गावाच्या पिकनिक रॉक्स या जागी आहे. काठापासून थोड्याच अंतरावर खडक आहेत, आणि काठ व खडक यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून प्रवाह जोराने वाहतो. खडक हाकेच्या अंतरावर दिसतात म्हणून लोक पोहत जायला निघतात, आणि तिथे अनेकांचे प्राण गेले आहेत.

प्रश्न : पुळणीवरच्या बावट्यांचा अर्थ काय? आणि हिरवा बावटा असेल तर मुलांना निश्चिंतपणे पाण्यात सोडावे का?

उत्तर : मिशिगन राज्याच्या उद्यानांतील ठरलेल्या पोहण्याच्या जागांवर हिरवा, पिवळा आणि लाल असे बावटे लावतात; दोन लाल बावटे एकत्र असतील तर पाण्यात उतरण्यास बंदी असते आणि ती मोडल्यास 500 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बावटा लावणारे कर्मचारी हवामान सेवेचा अंदाजही पाहतात आणि समोरचे पाणीही पाहतात. म्हणून अंदाज आणि बावटा यांत फरक दिसला, तर दोहोंपैकी जो अधिक सावध असेल तो मानावा.

हिरव्या रंगाबद्दल विचारले ते बरे केले. रस्त्यावर हिरवा दिवा म्हणजे ‘निघा’, ही सवय अंगात इतकी मुरलेली आहे की हिरवा बावटा पाहताच माणूस मोकळा होतो. त्याचा खरा अर्थ ‘आत्ता लाटा कमी आहेत’ एवढाच आहे. पाण्याची खोली, थंडी आणि मुलांचे पोहणे यांबद्दल तो काहीच सांगत नाही. आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसते : मिशिगनच्या राज्य उद्यानांच्या पुळणींवर जीवरक्षक नेमलेले नाहीत. शिकागोच्या शहरी पुळणींवर हंगामात ते असतात, त्यामुळे तिथून सरोवराच्या पलीकडच्या काठी गेलेला माणूस तशाच देखरेखीची अपेक्षा धरतो. जिथे जीवरक्षक नाही तिथे बावटा वाऱ्यावर फडकत असतो खरा, पण तो न मानणाऱ्याच्या मागे धावत जाणारे कोणी नसते.

प्रश्न : कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रवाह जागीच ओळखून भोंगा वाजवता येणार नाही का?

उत्तर : त्या दिशेने प्रयोग सुरू आहेत. काठावरच्या कॅमेऱ्यातील दृश्यांत लाटा कुठे फुटत नाहीत आणि फेस कोणत्या दिशेला सरकतो, हे संगणकाला ओळखता येऊ लागले आहे. मात्र महासरोवरांच्या किनाऱ्याची लांबी हजारो किलोमीटर आहे आणि माणसे ठरावीक पुळणींवरच पोहतात असेही नाही. शिवाय भोंगा वारंवार वाजू लागला, की चार दिवसांत त्याची सवय होते आणि पाचव्या दिवशी कोणी मान वर करून पाहत नाही. गर्दीच्या आणि पूर्वी अपघात झालेल्या जागी हा खर्च करणे योग्यच आहे. इतरत्र धक्क्यांवर आणि पुळणींवर दोरी बांधलेली जीवरक्षक कडी टांगून ठेवणे, जसे अनेक ठिकाणी केले जात आहे, हा स्वस्त आणि तत्काळ उपाय आहे.

प्रश्न : मी जलतरण तलावात रोज दीड किलोमीटर पोहतो. अशा माणसानेही घाबरावे का? आणि अडकलोच तर काय करावे? हा प्रवाह माणसाला खाली ओढतो असे ऐकले आहे.

उत्तर : खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो काठाकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजत राहिल्याने आणि त्या झुंजीत दमून गेल्याने. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्याला उलट अधिक जपावे लागते : त्याला आपल्या हातांवर भरवसा असतो आणि तो झुंज लवकर सोडत नाही.

सरोवरातल्या पाण्याच्या दोन खोडी लक्षात ठेवाव्यात. हे पाणी गोडे असल्यामुळे समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते आणि शरीर त्यात थोडे खाली तरंगते, म्हणजे नाक-तोंड लाटेच्या अधिक जवळ राहते. दुसरी खोड लाटांच्या लयीची. समुद्रावर दोन मोठ्या लाटांमध्ये दहा-पंधरा सेकंद मिळू शकतात. सरोवरात साधारण चार सेकंदांनी पुढची लाट तोंडावर येते, म्हणजे मिनिटाला पंधरा वेळा. तलावात ठरावीक तालावर श्वास घेणाऱ्याचा ताल इथे पहिल्या मिनिटातच मोडतो. त्यात वाऱ्याने काठचे कोमट पाणी आत लोटले असेल तर तळाचे थंड पाणी वर येते, आणि कालच्या सुखद पाण्यात आज उतरल्याबरोबर श्वास कोंडतो.

अडकल्याचे ध्यानात येताच पाठीवर उलटावे आणि तरंगत राहावे, श्वास ताब्यात येईपर्यंत दुसरे काहीही करू नये. मग प्रवाह कोणत्या दिशेला नेतो आहे ते पाहावे आणि त्याला काटकोनात, म्हणजे साधारण काठाला समांतर, सावकाश पोहत बाहेर पडावे. पट्टा अरुंद असल्याने फार लांब जावे लागत नाही; लाटा फुटताना दिसतात तिथपर्यंत पोहोचले की त्याच लाटा काठाकडे आणतात. धक्क्याजवळ असाल तर धक्क्यापासून दूर जाणारी बाजू निवडावी, हे उघड आहे, पण घाबरलेला माणूस नेमका भिंतीकडे जातो. ताकद नसेल तर तरंगत हात हलवून मदत मागावी. प्रवाह दांड्यांच्या पलीकडे गेल्यावर मंदावतो.

आपण काठावर आहात आणि दुसरा कोणी अडकला आहे, अशी वेळ अधिक अवघड असते, कारण अशा वेळी वाचवायला गेलेला माणूस बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. आधी 911 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा, एकाला बुडणाऱ्यावरून नजर हलवू न देता उभे करावे, आणि तरंगेल असे जे हाती लागेल ते, कडी, जीवरक्षक जाकीट, बर्फाची पेटी, प्रवाहात फेकावे. प्रवाह ते स्वतःच त्याच्याकडे घेऊन जातो. तरंगणारी वस्तू सोबत नसताना पाण्यात उडी घेऊ नये.

प्रश्न : ऑगस्ट संपला की गर्दी ओसरते. सप्टेंबरात पाणीही छान उबदार असते. त्या दिवसांत धोका कमी असतो का?

उत्तर : गर्दी कमी असल्याने अपघातांची संख्या घटते, एवढेच खरे. पाणी सप्टेंबरात उबदार असते, कारण एवढ्या मोठ्या साठ्याला निवायला वेळ लागतो. वर थंड हवा येऊ लागली की वारे आणि त्यांच्या लाटा मात्र वाढू लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुट्टी झाली की बहुतेक शहरी पुळणींवरचे जीवरक्षक घरी जातात. पोहणाऱ्यांसाठीचा रोजचा अंदाजही अनेक ठिकाणी हंगामापुरताच दिला जातो, आणि पुढे शरद ऋतूत, बर्फात सापडू नयेत म्हणून, सरोवरातले बोये एकेक करून काढून नेले जातात. त्या दिवसांत खलाशांसाठी दिला जाणारा लाटांचा अंदाज चालू असतो. त्यात लाटा तीन फुटांहून अधिक सांगितल्या असतील तर वाळूवरच फिरावे, आणि जाण्यापूर्वी थोडे उंचावर, टेकाडावर उभे राहून पाणी न्याहाळावे : पांढऱ्या फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत जिथे गडद, शांत दिसणारी फट असते आणि फेस किंवा गढूळ पाणी तिच्यातून आत सरकताना दिसते, तीच ती खिंड. नेमकी ती जागा सर्वांत शांत दिसत असल्याने पालक मुलांना घेऊन तिथेच उतरतात.